सहा पंचकार्डं आणि एक पायाळू पोरगा

कुमारांसाठी गुप्तधनाची कादंबरी लिहायला बसलं की नायक कोण, हा प्रश्न नंतरचा. आधी खजिन्याचा हिशेब द्यावा लागतो. पुरला कुणी, कधी, कशासाठी, आणि इतकी वर्षं कुणाच्या हाती का लागला नाही? ही चार उत्तरं पक्की नसली तर पुढची दीडशे पानं नुसती पळापळ होते. आमची गोष्ट सोलापुरात घडते. नायक व्यंकी सोळा वर्षांचा आहे, अकरावीत आहे, गे आहे आणि पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, आहे. कथानकाला सगळ्यात जास्त काम या शेवटच्या गोष्टीनं लावलं. पण ओळीनं सांगतो.

सोलापूर म्हटलं की खजिन्यासाठी भुईकोट किल्ला आपोआप डोळ्यांपुढे येतो. सोळाव्या शतकात निजामशाही आणि आदिलशाही या किल्ल्यापायी पुन्हापुन्हा भांडल्या, चांदबिबीच्या लग्नात तो आंदण गेला, खंदक आहे, बुरूज आहेत, आत जुन्या देवळाचे अवशेष आहेत. सगळी तयारी आयती. तरी आम्ही किल्ला बाजूला ठेवला. एक तर तो पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातला. तिथं कुदळ मारणारा नायक पहिल्याच घावाला गुन्हेगार ठरतो, आणि पुस्तक वाचून एखादं पोरगं खरंच स्क्रूड्रायव्हर घेऊन तटाशी गेलं तर त्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. दुसरं, आदिलशाही मोहरांचा हंडा सापडला तर त्यावर हक्क सांगायला कुणाचा वारस पुढे येत नाही. गोष्टीत पेच उरत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी एक नियम वहीत लिहिला: खऱ्या जागी वाचायचं, खणायचं ते खोट्या जागी. शिलालेख, रस्ते, चौक, देवळं सगळी खरी. जिथं माती उकरायची ती जागा, म्हणजे पूर्व भागातल्या बंद पडलेल्या कारखान्यामागची विहीर, ती मात्र मनातली. नकाशावर सापडू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्याही बनवलेल्या.

खजिन्यासाठी साल निवडलं 1930. गांधीजींच्या अटकेनंतर मे महिन्यात शहर पेटलं आणि 12 मेला मार्शल लॉ लागला. त्याआधीचे तीन दिवस इथं इंग्रजांचं राज्य नव्हतं, असं सोलापूरकर आजही छाती काढून सांगतात. आमच्या गोष्टीत त्या दिवसांत काही घरांनी लढ्यासाठी दिलेले दागिने व्यंकीच्या पणजोबांकडे ठेवायला येतात, लष्कर शहरात शिरतं, पणजोबा ते रातोरात विहिरीच्या कोनाड्यात चिणून टाकतात आणि स्वतः तुरुंगात जातात. हा निधी पूर्ण काल्पनिक आहे. ज्या चार हुतात्म्यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलं, त्या मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांच्या तोंडी आम्ही एकही वाक्य घातलेलं नाही. ते चौकातल्या पुतळ्यांच्या रूपानंच येतात. इतिहासातल्या खऱ्या माणसाला आपल्या कथानकाचा निरोप्या करायचं म्हणजे वाचकाला वर्षानुवर्षं पुरेल असं खोटं शिकवणं झालं.

आता सांकेतिक खूण. सोलापूरची गोष्ट आणि खूण चादरीत नाही, हे कसं चालेल? पण इथं सालाचा घोळ होतो. जेकार्डच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या, चादरीची भरभराट स्वातंत्र्यानंतरची. 1930 च्या रात्री कुणी घाईघाईनं चादरीत नकाशा विणला, असं लिहिलं की मागाची माहिती असलेला वाचक तिथंच हसतो. म्हणून माल पुरला 1930 ला, आणि कार्डं पाडली ती त्याच पणजोबांनी, म्हातारपणी, जेकार्डवर हात बसल्यावर. मधल्या काळात कारखाना दुसऱ्याच्या नावावर गेलेला. मालकाला कळू न देता खणणं शक्य नाही, मुलांवर भरवसा नाही. खजिना इतकी वर्षं का पडून राहिला, याचं उत्तरही त्यातच मिळालं.

जेकार्ड कसं चालतं ते समजल्याशिवाय हा भाग लिहिता येत नाही, म्हणून थोडं खोलात. नक्षी आधी चौकटीच्या ग्राफ पेपरवर काढतात. ग्राफची एक आडवी ओळ म्हणजे एक कार्ड. कार्डावर जिथं भोक, तिथला हूक वर उचलला जातो, त्याच्याबरोबर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर जातो आणि धोटा त्याखालून बाणा, म्हणजे आडवा धागा, घेऊन जातो. भोक नाही तिथला धागा खालीच राहतो. सगळी कार्डं दोऱ्यानं एकमेकांना शिवून त्यांची माळ करतात. माळ फिरत राहते, नक्षी पुन्हापुन्हा येत राहते. चारशेच्या जेकार्डच्या कार्डावर आठ-आठ भोकांच्या 51 ओळी बसतात. मधे शिवायच्या दोऱ्याची जागा सोडलेली असते, म्हणून 26 आणि 25 असे दोन भाग पडतात. एकूण 408. जाणकार म्हणतील की चादरीत दोन रंगांचे बाणे असले तर दिसणाऱ्या एका रेघेला एकाहून जास्त कार्डं लागतात. खरं आहे. गोष्टीत आम्ही एक बाणा, एक कार्ड असं सोपं केलं आणि पणजोबांची चादर त्या मापाची ठेवली.

दोष कुठल्या कारणानं कसा दिसतो, हे इथं सगळ्यात महत्त्वाचं. ताण्याचा धागा तुटला तर रेघ उभी पडते आणि लांबवर जाते. बाणा चुकला तर एकदाच आडवी दिसते. कार्डच वेगळं घुसलं असेल तर रेघ आडवी असते, नक्षीच्या प्रत्येक आवर्तनात त्याच जागी परत येते, आणि रुंदीतही तेच ठिपके ठरावीक अंतरानं पुन्हा उमटतात. खूण सापडण्याचा प्रसंग आम्ही एवढ्यावरच उभा केला:

‘काय बघलालास बे एवढं?’ इरेशनं विचारलं.
व्यंकीनं चादर उलटी केली. लाल होतं तिथं पांढरं, पांढरं होतं तिथं लाल. रेघ मात्र याही बाजूला होती.
‘धागा तुटला असंल की.’
‘तुटला असता तर उभी गेली असती. ही आडवी हाय. आन् हे बघ, हितं चार ठिपके, मग हितं परत तेच चार. तुटलेला धागा मोजून तुटतो का बे?’

या प्रसंगात जादू नाही. पहिली खूण नायकानं डोक्यानं सोडवावी, जादू नंतर यावी. उलट केलं तर पुढच्या प्रत्येक अडचणीला वाचक विचारतो, आता जादू का नाही वापरत?

कार्डावर मराठी कशी लिहायची, यावर बराच कागद खर्च झाला. रोमन अक्षरांचं आयतं कोष्टक घेणं सोपं होतं, पण जुना सोलापुरी विणकर ते कशाला वापरेल? वर्णमाला मात्र आधीच कोष्टकात बसलेली आहे. क, च, ट, त, प हे पाच वर्ग, य-र-ल-व सहावा, श-ष-स-ह सातवा, आणि ळ व स्वर मिळून आठवा. आठ पर्यायांना तीन भोकं पुरतात. वर्गातलं स्थान जास्तीत जास्त पाचवं, त्यालाही तीन. म्हणजे एका ओळीतली सहा भोकं अक्षरासाठी झाली. मात्रा त्याच ओळीत बसत नाहीत, त्या खालच्या ओळीत: पहिली चार भोकं मात्रेसाठी (सोळा पर्याय होतात, त्यात पाय मोडायची खूणही बसते), पाचवं अनुस्वारासाठी, सहावं रिकामं. सुटे स्वर ‘अ’च्या बाराखडीनं लिहायचे, अि, अी, अु असे. सातवं भोक ओळीची जात सांगतं: अक्षराच्या ओळीत बंद, मात्रेच्या ओळीत उघडं. आठवं पडताळ्याचं. ओळीतली उघडी भोकं नेहमी सम संख्येत यावीत, यासाठी लागेल तेव्हाच ते पाडायचं.

उदाहरण ‘वि’. तीन भोकांच्या किमती चार, दोन, एक, आणि उघड्या भोकांची बेरीज म्हणजे आकडा. वर्ग मोजायचे शून्यापासून, म्हणजे य-वर्ग झाला पाच: उघडं, बंद, उघडं. स्थान मोजायचं एकपासून, ‘व’ चौथा: उघडं, बंद, बंद. सातवं बंद. आत्तापर्यंत तीन उघडी, म्हणून आठवंही उघडायचं. पहिल्या ओळीत पहिलं, तिसरं, चौथं आणि आठवं भोक उघडं राहिलं. मात्रा ह्रस्व इ. अ शून्य, आ एक, इ दोन, आणि चार भोकांच्या किमती आठ, चार, दोन, एक, म्हणून तिसरं उघडं, जातीचं सातवं उघडं, दोन झाली, आठवं बंद. एवढंच. एका अक्षराला दोन ओळी, 51 ओळींत 25 अक्षरं, शेवटची ओळ कोरी. सहा कार्डांवर 150 अक्षरं मावतात, आणि विहिरीचा पत्ता सांगून दागिने कुणाकुणाचे ते लिहायला तेवढी पुरतात, फक्त जोडाक्षरं जपून वापरावी लागतात. पाय मोडलेलं प्रत्येक अक्षर एक जागा जास्त खातं. ‘लक्ष्मी’ लिहिलं की चार जागा गेल्या.

पण कार्डं सरळ क्रमानं लावली तर हुशार पोरगं तिसऱ्या प्रकरणातच खजिना काढतं. म्हणून क्रम उलटसुलट केला आणि त्याची किल्ली ठेवली हत्तरसंग कुडलला. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीनेच्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे. 359 छोट्या मुखांचं प्रचंड शिवलिंग पाहायला लोक तिथं जातात, पण आमचं काम शिलालेखाशी होतं. शके 940, म्हणजे 1018 सालचा हा लेख मराठीतल्या सर्वात जुन्या लेखांपैकी एक. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्याची शेवटची ओळ ‘वाछि तो विजेया होइवा’, वाचेल तो विजयी होईल. गुप्तधनाच्या गोष्टीला याहून नेमकी ओळ मुद्दाम बनवूनही जमली नसती.

इथं एक अडचण आहे. छापील पुस्तकांत ही ओळ थोडीथोडी वेगळी सापडते, कुठे अनुस्वार आहे, कुठे नाही, शेवटचं क्रियापद निराळं. किल्ली पूर्ण ओळीवर बांधली तर ज्याच्या हाती दुसरा पाठ लागेल त्याला खूण सुटणारच नाही, आणि दोष त्याचा नसेल. म्हणून मात्रा, अनुस्वार आणि शेवटचा शब्द सोडून दिले. उरली सहा व्यंजनं: व, छ, त, व, ज, य. ती वर्णमालेच्या क्रमानं लावायची. छ पहिला, ज दुसरा, त तिसरा, य चौथा, मग आधी आलेला व पाचवा आणि नंतरचा सहावा. माळेत लागोपाठ आलेली सहा कार्डं म्हणजे ही सहा अक्षरं. वाचायचं आधी दुसरं कार्ड, मग पाचवं, तिसरं, सहावं, पहिलं आणि शेवटी चौथं. कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या वाचकाला हे करता येतं, आणि करता यावं अशीच इच्छा आहे. खूण नायकाला सुटते पण वाचकाला सुटूच शकत नाही, अशी पुस्तकं या वयाची मुलं एकदाच वाचतात.

चादर उलट्या बाजूनं वाचली तर ठिपके आरशातल्यासारखे उलटे पडतात, भोकांचा क्रम फिरतो आणि काहीच्या बाही अक्षरं निघतात. आम्ही याचाच खलनायकासाठी सापळा केला. त्याच्याकडे चादरीचा फोटो आहे, पण कुठल्या बाजूचा ते त्याला माहीत नाही.

आता पायाळू. जन्मताना ज्याचे पाय आधी आले तो पायाळू, आणि डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं धन दिसतं, ही समजूत गावोगाव आहे. वीज त्याच्याकडे ओढली जाते असंही म्हणतात. उसण भरली की त्याची लाथ कमरेत घालून घेतात, आणि व्यंकीच्या घरी याच कामासाठी शेजारपाजारचे येत असतात. पुस्तकातला पहिला हशा तिथंच आहे. पण या समजुतीची काळी बाजू विनोदी नाही. गुप्तधनाच्या नादात पायाळू मुलांना पळवल्याच्या, नरबळीच्या बातम्या महाराष्ट्रानं वाचलेल्या आहेत. गुप्तधन शोधण्यासाठीचे अघोरी प्रकार 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे दोन गोष्टी पाळल्या. आमच्या गोष्टीतला मांत्रिक बाबा खलनायक आहे, त्याला व्यंकी हवा आहे, पण त्याच्या पूजेची कृती, साहित्य, मंत्र यातलं काहीही पानावर नाही. आणि व्यंकीची शक्ती अंजनातून किंवा बळीतून येत नाही. ती जन्मजात आहे आणि तिला किंमत आहे: एकदा पाहिलं की दिवस मावळेपर्यंत रंग दिसत नाहीत. विणकराच्या पोराला रंग न दिसणं म्हणजे काय, हे त्याच्या घरात लगेच कळतं, म्हणून तो ती उठसूट वापरत नाही.

शक्तीची मर्यादा ठरवताना नायकाचं गे असणं कथानकात नीट बसलं. इच्छा पुरवणारा खजिना असता, मागाल ते देणारा दिवा किंवा अंगठी, तर वाचकाच्या मनात पहिला विचार हाच आला असता की हा पोरगा ‘मला सगळ्यांसारखं कर’ असं का मागत नाही. मग दोनच वाटा उरतात. मागायला लावलं तर पुस्तक विषारी होतं. मागत नाही म्हणून भाषण करायला लावलं तर कंटाळवाणं. तेव्हा इच्छा पुरवणारं काही ठेवलंच नाही. व्यंकीला माणसाच्या हातानं मातीत किंवा कापडात लपवलेलं तेवढं दिसतं. माणसाच्या मनातलं दिसत नाही. चिणलेला हंडा भिंतीतून पाहणाऱ्या पोराला, शेजारी बसलेल्या इरेशला आपण आवडतो की नाही हे मात्र इतरांसारखंच चाचपडत शोधावं लागतं.

या कादंबरीत दोन गुपितं आहेत, आणि ती एकमेकांत मिसळली की पुस्तक बिघडतं. खजिन्याचं गुपित शोधून काढायचं असतं, कुणीही काढावं, जो काढेल त्याची शाबासकी. व्यंकीचं गुपित कुणी शोधून काढायचं नाही. ते त्यानं सांगायचं, त्याला वाटेल तेव्हा, वाटेल त्याला. हे बोलायला सोपं आहे, पण लिहिताना हात आपोआप घसरतो, कारण रहस्यकथेची सगळी यंत्रणा उघडकीला आणण्यासाठीच बनलेली असते. म्हणून आम्ही भिंतीवर तक्ता लावला. उभ्या रकान्यांत प्रकरणं, आडव्या ओळींत वाचक, व्यंकी, इरेश, अम्मम्मा (आजी), चुलत बहीण, बाबा. प्रत्येक चौकोनात दोन खुणा: खजिन्याबद्दल या क्षणी किती माहीत, आणि व्यंकीबद्दल किती. पहिली खूण सगळ्यांच्या ओळीत वाढत जाते. दुसरी फक्त वाचक, इरेश आणि बहिणीच्या ओळीत.

या तक्त्यानं दोन मोहांतून सोडवलं. पहिला, खलनायकाच्या हाती मोबाईलमधला फोटो लागतो आणि तो धमकावतो, ‘खूण दे, नाहीतर घरी सांगतो’. कथानकाला गती मिळते, हे मान्य. पण मग खजिना निमित्तमात्र उरतो आणि वाचणाऱ्या गे मुलाच्या मनात एकच ठसतं, की कळलं की संपलं. दुसरा मोह आजीचा. हल्ली अशा प्रत्येक गोष्टीत एक आजी असते, तिला सगळं आधीपासून ठाऊक असतं आणि ती डोक्यावरून हात फिरवते. आमच्या अम्मम्माला ठाऊक नाही. शेवटच्या पानावरही नाही. ती चांगली आहे, तिला मागाचं सगळं कळतं, आणि व्यंकी तिला अजून सांगत नाही. वाचणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरी हेच असणार.

इरेशला नुसता देखणा ठेवून चालत नाही. ज्याच्यावर नायकाचा जीव आहे त्याच्यावाचून खजिना मिळूच नये, तरच तो पात्र होतो. त्याचे आजोबा सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजामागे चालणारे, सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या 68 लिंगांचा मार्ग त्याच्या पायाखालचा. बंद गल्लीतून कुठं निघता येतं हे त्यालाच माहीत. कुडलची ओळही त्याला वाचता येते, कारण जुनी अक्षरं ओळखायचा नाद त्याला आहे. व्यंकीला माग कळतो, दिसतं, पण वाट सापडत नाही. जोडी अशी बसली.

गोष्टीचं पंचांग जानेवारीचं. 12 तारखेला हुतात्मा दिन, आणि लगेच संक्रांतीच्या आसपास गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची, यात्रा: यण्णीमज्जन (लिंगांचा तैलाभिषेक), अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम. यात्रेतला विधी कथानकात वापरायचा नाही, गर्दी वापरायची, हे आधीच ठरलं होतं. देवळात किंवा तळ्यात खूण लपवली असती तर ती श्रद्धेशी धसमुसळेपणा करणारी ठरली असती, आणि त्यातून गोष्टीला मिळालं काहीच नसतं. गर्दी मात्र सोन्यासारखी. हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत असताना पाठलाग होणारा मुलगाही बाराबंदी चढवून मिसळतो, आणि बाबाची माणसं नुसती पाहत राहतात. सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. व्यंकीचे रंग कधी परत येणार ते त्यावर ठरतं, म्हणून प्रत्येक प्रसंगाची वेळ तपासावी लागली. प्रवासही कायद्यात बसवावा लागला. सोळा वर्षांच्या पोराला 50 सीसीच्या वरची गाडी चालवायचा परवाना मिळत नाही, म्हणून कुडलला दोघे एसटीनं जातात.

एसटीचा फायदा असा झाला की प्रेमाचा प्रसंग तिथं ठेवता आला. विहिरीत उतरताना, दोर निसटताना ‘मला तू आवडतोस’ म्हणणं सिनेमात शोभतं. जीव मुठीत असताना माणूस दोराकडे बघतो. परतीच्या गाडीची वाट बघत फाट्यावर बसलेले असताना बोलायला वेळ असतो आणि टाळायलाही. दोघं अठराच्या आतले, त्यामुळे पानावर हात धरण्यापलीकडे काही नाही. 2012 चा पॉक्सो कायदा हे एक कारण, पण तो नसता तरी या वयाच्या वाचकासाठी एवढंच पुरतं. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 ची धास्ती आम्ही दाखवली नाही. गोष्ट आजची आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं 6 सप्टेंबर 2018 ला तो प्रश्न मिटवलेला आहे. व्यंकीला भीती पोलिसाची नाही, गल्लीतल्या तोंडांची आहे. त्या तोंडांतली शिवी पुस्तकात एकदाच येते. दुसऱ्यांदा लिहिली की ती लेखकाची वाटायला लागते.

बोलीचा तोल सांभाळायला वेळ लागला. घरी तेलुगू, शाळेत मराठी, इरेशच्या घरी कन्नड, मधे दखनी. सगळं जसंच्या तसं लिहिलं तर पुण्या-नाशिकच्या पोराला टीप शोधावी लागते. नियम केला की एका वाक्यात एकच परका शब्द, आणि त्याचा अर्थ लगेच कृतीतून दिसावा. अम्मम्मा ‘इटु रा’ म्हणते आणि व्यंकी तिच्याजवळ जातो. झालं. ‘करलालास’, ‘जालालो’ हे मुलांच्या तोंडी ठेवलं, निवेदनात नाही.

कायदा शेवटासाठी लागला. 1878 चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांवरच्या किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं: काय आणि साधारण किती किमतीचं, कुठं, कोणत्या तारखेला. लपवलं तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बेवारस ठरलं आणि सापडवणारा व जागामालक यांच्यात वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला, उरलेलं जागामालकाला. पण धन शंभर वर्षांच्या आत पुरलेलं असेल आणि पुरणाऱ्याचा वारस पुढे आला, तर त्याला दिवाणी कोर्टात दावा लावायला मुदत मिळते. 1930 ते आज, अजून शंभर भरलेली नाहीत. बंद कारखान्याचा आजचा मालक, दागिने देणाऱ्या घरांची नातवंडं, सापडवणारी दोन पोरं, सगळ्यांचं काही ना काही म्हणणं आहे. कार्डांवरची नावं त्यामुळे नुसती शोभेची राहत नाहीत, पुरावा होतात. मात्र कचेरीतला प्रसंग लांबवला की मुलं पुस्तक मिटतात. आम्ही फक्त व्यंकीच्या अक्षरातला तो अर्ज एका पानावर छापला, आणि पुढचं प्रकरण थेट त्या घरांच्या दारात सुरू केलं.

कच्चं पुस्तक तीन तऱ्हेच्या वाचकांना दिलं. मागावर काम केलेल्यांना, नववी ते अकरावीच्या मुलांना, आणि हे वय व्यंकीसारखं काढलेल्या तरुणांना. तिघांनाही एकच प्रश्न विचारू नये. मागावरच्या माणसाला विचारायचं, ‘हे होईल का?’ मुलांना खुणेची पानं सुटी द्यायची आणि कुठं अडतात ते गप्प बसून बघायचं. ती जवळजवळ नेहमी पाय मोडलेल्या अक्षरावर अडली, म्हणून पहिल्या कार्डात जोडाक्षर ठेवलं नाही. तरुणांना विचारायचं, ‘कुठं पान उलटावंसं वाटलं?’ कसं वाटलं असं विचारलं की माणसं भिडेखातर चांगलं सांगतात.

छपाईचं थोडक्यात. सुमारे 45,000 शब्द, पानाला 260 धरले तर 173 पानं. सोळा पानांचा एक फर्मा (एकत्र छापायचा ताव) धरला तर अकरा फर्म्यांत 176 बसतात, दोन-तीन पानं कार्डांच्या चित्रांना उरतात. कार्डांची चित्रं फोटो म्हणून देऊ नयेत. स्वस्त कागदावर शाई पसरते, शेजारची दोन भोकं एक दिसतात. रेषाचित्र करून भोक निदान दोन मिलिमीटरचं, मधे तेवढंच अंतर. एक ठिपका पुसला गेला तरी आठव्या भोकाच्या पडताळ्यावरून कुठली ओळ बिघडली ते वाचकाला कळतं. ते भोक मुळात याचसाठी होतं, आणि व्यंकीही चादरीतली एक झिजलेली ओळ त्यावरूनच पकडतो. प्रूफ वाचणाऱ्याला मजकुरासारखी ही पानं वाचता येत नाहीत. एकानं मोठ्यानं ‘उघडं, बंद’ म्हणायचं, दुसऱ्यानं मूळ ग्राफवर बोट ठेवायचं.

मलपृष्ठावर नायक गे आहे हे लिहायचं की नाही, यावर मतं वेगळी असतात. लपवलं तर ज्या मुलाला हे पुस्तक हवं आहे त्याला ते सापडतच नाही, आणि ज्या पालकाला नको होतं तो मधेच भडकतो. ठळक लिहिलं, वर इंद्रधनुष्य छापलं, तर तेच मूल ते घरी टेबलावर ठेवू शकत नाही. मुखपृष्ठावर चादर आणि विहीर. मागे तीन वाक्यं: व्यंकीला जमिनीखालचं दिसतं. व्यंकीला इरेश आवडतो. यातलं एकच घरी माहीत आहे.